माठाच्या बाजूने

'स्मार्ट' म्हणवणाऱ्या बहुतेक वस्तू माणसाचीच नक्कल करतात. बाटली पाणी प्यायची आठवण देते, फ्रिज दूध संपल्याचं कळवतो. वस्तूला केंद्रस्थानी ठेवू पाहणाऱ्यांचीही ही खोड सुटत नाही. डिझायनर सिमोने रेबाउडेंगो यांचा २०१२ मधला 'ब्रॅड' टोस्टर घ्या. आपला वापर कमी होतोय असं दिसलं की तो नाराज होतो आणि दुसरं घर शोधू लागतो. कल्पना गमतीची, पण टोस्टरच्या आत एक हेवेखोर माणूसच बसवलाय. त्यापेक्षा कॅनडातल्या रॉन वाक्करी आणि सहकाऱ्यांचे 'मोर्स थिंग्ज' मला प्रामाणिक वाटतात. चिनी मातीचे ते वाडगे नि कप इंटरनेटवरून मोर्स संकेतांत आपसांत बोलतात. माणसाला त्यातलं सगळं कळावं असा हट्ट नाही. तसंच काही घरच्या माठाबाबत करून पाहू.

तत्त्वज्ञ ग्रॅहम हार्मन यांच्या वस्तुकेंद्री (माणसाऐवजी वस्तूंकडून जग पाहणाऱ्या) तत्त्वज्ञानातलं कापूस आणि आगीचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. आग कापूस जाळते तेव्हा तिचा संबंध त्याच्या ज्वलनशीलतेशी येतो. त्याचा रंग, वास तिच्या गावीही नसतो. सेन्सरचंही तसंच. आपोआप दिवा लावणाऱ्या पीआयआर सेन्सरला माणूस दिसत नाही, उष्णतेची हालचाल दिसते. त्यामुळे स्तब्ध बसलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच, आणि विदर्भातल्या मे महिन्यात हवा अंगाइतकी तापली की चालणाराही पुसट होतो. हे आंधळेपण लपवायचं की त्यावरच रचना उभी करायची, हा खरा निर्णय.

उदाहरणाला माठ घेऊ. तो आपल्यासाठी पाणी गार करतो, असं आपण म्हणतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर तो नुसता पाझरतो आणि पाझरलेलं पाणी हवेत उडतं. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण २.४ किलोज्यूल उष्णता नेतं. १० लिटर पाणी १ अंशाने उतरायला सुमारे ४२ किलोज्यूल जावे लागतात, म्हणजे जवळपास १७ ग्रॅम पाणी. बाहेरून सतत उष्णता येत असल्याने प्रत्यक्षात जास्तच. पाणी किती गार होईल याची खालची मर्यादाही ठरलेली: हवा ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रतेला साधारण साडेबावीस अंश, पण ३० अंश आणि ९० टक्के असताना साडेअठ्ठावीसच्या आसपास. पावसाळ्यात माठाला करण्यासारखं फार उरत नाही.

या माठाला सुईसारखा फिरणारा एक काटा जोडायचा, भिंत हवेपेक्षा किती गार आहे ते दाखवणारा; शिवाय माठाचं वजन मोजत राहायचं, म्हणजे किती पाणी उडालं ते कळेल. सामान: आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), २० किलोचा पट्टीसारखा लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर), त्याचे संकेत बोर्डाला वाचता येतील असे करणारं एचएक्स७११ मॉड्यूल, दोन डीएस१८बी२० तापमान सेन्सर, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, काटा फिरवायला एसजी९० सर्वो (छोटी मोटर). वाय-फाय नको; माठाला कुणाला कळवायचं काही नाही. लोड सेल घडवंचीवर दोन फळ्यांच्या मध्ये बसवा. एक टोक खालच्या फळीला, दुसरं वरच्या फळीला, बाण वजनाच्या दिशेने, आणि मधे वॉशर घालून फट ठेवा. फळी कुठेही टेकली की आकडे अडकतात.

एक तापमान सेन्सर माठाच्या बुडाकडच्या ओल्या भिंतीला दोऱ्याने बांधा, वरून ओल्या सुती कापडाची चिंधी. दुसरा वीतभर दूर सावलीत टांगा. स्वस्त सेन्सर पिण्याच्या पाण्यात सोडू नका. शिवाय माठाचा सगळा व्यवहार त्या ओल्या पृष्ठभागावरच चालतो. दोन्ही सेन्सर एकाच डेटा तारेवर चालतात, रेझिस्टर त्या तारेपासून ५ व्होल्टला. ८५ अंश हा आकडा आला तर मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचलंय (१२ बिटला ७५० मिलिसेकंद लागतात) किंवा वीज क्षणभर गेलीय. या सेन्सरच्या नेहमीच्या लायब्ररीत (तयार कोडमध्ये) उणे १२७ म्हणजे तार सुटलेली.

खाली थाळी लागतेच, नाहीतर ठिबकलेलं पाणी एचएक्स७११ वर जातं आणि आकडे भरकटतात. पण थाळी लोड सेलच्या वर की बाहेर? वर ठेवली तर ठिबकलेलं पाणी माठाच्याच वजनात मोजलं जातं, आणि पुढे थाळीतून उडालेलं पाणी माठाला गारवा न देताच त्याच्या नावावर लागतं. बाहेर ठेवली तर ठिबकणं म्हणजेच बाष्पीभवन असा घोटाळा. माठ कुठे संपतो, हा तत्त्वज्ञानातला प्रश्न इथे स्क्रूच्या जागेवरून सोडवावा लागतो. माझा कौल थाळी वर ठेवण्याला, ठिबकणंही माठाचंच.

आता सॉफ्टवेअर. दहा सेकंदांत वजनात ५० ग्रॅमपेक्षा जास्त घट झाली तर ती झटकन झालेली, बाकीची सावकाश. झटकन घट म्हणजे कुणीतरी पेला भरला. 'आज आठ पेले प्यायलात' असं दाखवण्याचा मोह इथेच होतो. तो टाळा, पण ती घट गोंगाट म्हणून पुसूनही टाकू नका: पाणी कमी झालं की भिंतीचा ओला भागही बदलतो. लोड सेलचं वाचन तापमानाने काही ग्रॅम सरकतं, म्हणून दहा मिनिटांच्या वाचनांचा मध्यक घ्या आणि तुलना तासाभरापूर्वीच्या मध्यकाशी करा.

काटा हवा आणि भिंत यांच्या तापमानातला फरक दाखवतो: १ अंशाला काट्याचे १० अंश, शून्य ते पंधरा. सर्वोला ५ व्होल्टची वेगळी वीज द्या, ग्राउंड एकच ठेवा, ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. ऊनोवरूनच वीज घेतली तर बोर्ड रीसेट होत राहतो. काटा हलताना वजन वाचू नका, आणि हलून झाला की कोडमधून सर्वो डिटॅच करा (त्याला संकेत देणं थांबवा), नाहीतर तो गुरगुरत बसतो.

माठात ताजं, कोमट पाणी भरलं की काटा कोसळतो. माठाच्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना तीच. जुलैत तो शून्यापाशी पडून राहील, तेव्हा स्केल बदलून त्याला नाचवू नका. काही महिन्यांनी पाण्यातले क्षार भिंतीवर पांढरे होऊन छिद्रं बुजवतात आणि त्याच हवेत काटा कमी चढू लागतो. पहिल्या महिन्यातले आकडे कोडमध्ये कायमचे लिहून ठेवले असतील तर प्रोग्राम यालाच बिघाड म्हणेल. बाहेरून काथ्याने घासल्यावर थोडा फरक पडतो. माठाला रंग मात्र लावू नका, छिद्रं बंद झाली की काट्याला दाखवायला काही राहत नाही.