कुणी न ऐकलेल्या बँडच्या कॅसेटी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘ज्यांना तेव्हा कुणी ऐकलं नाही, त्यांच्या कॅसेटी आता जपून काय करणार?’ हे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. बँड आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडचा, पंक म्हणजे आरडाओरड्याचं रॉक वाजवणारा. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्यातल्या एकाचा होकार अजून यायचा आहे.

आमची कोंकणी गायिका लॉर्ना, तिची गाणी तबकड्यांवर निघाली. एक तबकडी फुटली तर दुसरी कुणाच्या तरी कपाटात निघतेच. या पोरांच्या मागे कंपनी नव्हती. रस्त्यालगतच्या खोलीत टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि बटण दाबायचं, एवढंच त्यांचं ध्वनिमुद्रण. त्यामुळे हातात आहे तीच कॅसेट मूळ आणि तीच शेवटची. जे लोकप्रिय होतं ते लोकांच्या घराघरांत टिकतं. जे नव्हतं, ते मुद्दाम टिकवावं लागतं.

त्यात आपला पावसाळा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पट्टी चार मिलिमीटरही रुंद नसते आणि जाडी जेमतेम बारा मायक्रॉन. गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली की ती कॅसेट मी वाजवत नाही. एकदा वाजवली की बुरशी हेडला, म्हणजे यंत्रातल्या पट्टी वाचणाऱ्या भागाला लागते आणि पुढच्या कॅसेटीत जाते. आधी सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवायची, नीट सुकली की तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशने झाडायची. कवच चिकटवलेलं असेल तर कापून पट्टी स्क्रूच्या कवचात घालायची. आणि सगळ्यात आधी वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडायचे, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होत नाही.

मग हेडचा कोन. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड किंचित तिरकं असलं, तर माझ्या यंत्रावर सगळं गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. कानाला हेडफोन लावून बारीक स्क्रू केसभर फिरवायचा. एका क्षणी ड्रमवरची झांज लख्ख उघडते आणि मागे शब्द कळायला लागतात. या कामात मला सगळ्यात जास्त आनंद तिथे होतो.

मग आवाज संगणकावर उतरवायचा. तो किती बारकाईने उतरवावा, यासाठी ध्वनिसंग्रहालयांचे निकष किमान 48 किलोहर्ट्झ, 24 बिट सांगतात. मी 96 किलोहर्ट्झ घेते. मूळ फाइलमधला आवाज मात्र अजिबात ‘साफ’ करत नाही. एका गाण्यात खाणींच्या लाल धुळीबद्दल ओरडून झाल्यावर गिटार थांबते आणि बाहेरून खनिजाचा ट्रक जातो. खिडकीची काच थरथरते, कुणीतरी हसतं, ड्रमवाला पुन्हा सुरू करतो, आणि त्याच्या हातात चवथीच्या आरतीत वाजणाऱ्या घुमटाची, म्हणजे आमच्या मातीच्या तालवाद्याची चाल ओळखू येते. 2012 साली गोव्यातलं खाणकाम थांबलं, पुढे काही खाणी पुन्हा सुरू झाल्या. पण त्या काळच्या रस्त्याचा आवाज कुठल्या सरकारी कागदावर सापडणार? तो या पट्टीवर आहे, आणि गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी तोच पुसून टाकेल.

गाणी नेटवर का टाकत नाही, असंही विचारता. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क कायद्याने पन्नास वर्षं असतो, आणि कायदा नसता तरी त्यांना विचारल्याशिवाय मी टाकली नसती. तोवर घरी या, ऐकवते. येताना तुमच्या माळ्यावरच्या कॅसेटीही आणा. फक्त आधी वाजवून बघू नका.