चौकटीची वही आणि चादरीतला मोर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आठवणींबरोबर आपापल्या कामाविषयीही लिहावे, असे निमंत्रणात म्हटले आहे. माझे काम यंत्रमागाचे, त्यातही जकार्डचे. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत चादरीवर मोर, फूल, देवळाचे शिखर उठते ते या जकार्डमुळे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे आता पाठ्यपुस्तकाबाहेरच्या सामान्यज्ञानातही विचारतात. पण ती चादर उभी राहते पाचवी ते आठवीच्या गणितावर आणि चौकटीच्या वहीवर, हे वर्गात बसलेल्या मुलांना कोणी सांगितलेले नसते. त्यातली निम्मी मुले तर मागाच्या खडखडाटातच लहानाची मोठी होतात. म्हणून या पानांवर तेवढेच लिहितो.

सुतापासून सुरुवात करू. सूत विकत घेताना त्याचा काउंट सांगावा लागतो. 840 वारांची एक लड, आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तो सुताचा काउंट. दहाचे सूत म्हणजे पौंडात 8,400 वार, वीसचे म्हणजे 16,800 वार. काउंट वाढला की सूत बारीक होते. व्यस्त प्रमाणाचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. विसाचे दोन धागे एकत्र पिळले की त्याला 2/20 म्हणतात. जाडीला ते दहाच्या एका धाग्याइतकेच, पण ताकदीला आणि एकसारखेपणाला सरस. ताण्याला दुहेरी सूत घ्यावे ते याचसाठी, कारण उभ्या धाग्याला फणीचे (बाणा ठोकून बसवणाऱ्या कंगव्याचे) घासणे आणि जकार्डचे वरखाली ओढणे सतत सोसावे लागते. आडव्या बाण्याला तेवढे सोसावे लागत नाही.

आता 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब अशी एक हलकी चादर घेऊ. (पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत, ते कारखान्यागणिक बदलतात.) इंचाला 36 उभे धागे धरले तर एकूण 2,160 धागे झाले. 90 इंच म्हणजे अडीच वार. पण ताण्याचा धागा बाण्यावरून वरखाली वळत जातो, म्हणून अडीच वार चादरीला सुमारे 2.7 वार ताणा लागतो. 2,160 गुणिले 2.7 म्हणजे 5,832 वार. ताणा-बाणा दोन्ही दहाच्या जाडीचे धरले आहेत, म्हणून 8,400 ने भागले की 0.694 पौंड, म्हणजे 315 ग्रॅम. बाण्याचे इंचाला 40 पीक (म्हणजे आडवे धागे) धरले तर 90 इंचांत 3,600 पिके. फणीत कापडाची रुंदी 60 नसून 64 इंच असते, मागावरून उतरताना ते आकसते. 64 इंच म्हणजे 1.78 वार, त्याचे 3,600 पट म्हणजे 6,400 वार, वजन 346 ग्रॅम. दोन्ही मिळून 660 ग्रॅमच्या आसपास. यात तुटीफुटीचे तीन-चार टक्के धरले की सूत किती मागवायचे ते कळते. आकसणे आणि वळणे हे दोन हिशेब विसरले तर शेवटच्या चादरींना बाणा कमी पडतो. मग घाईने आणलेले सूत वेगळ्या रंगाईचे असते आणि चादरीच्या मध्यावर फिकट पट्टा दिसतो. तो धुऊनही जात नाही.

काळ-काम-वेगही इथेच आहे. माग मिनिटाला 120 पिके मारत असेल तर ही चादर न थांबता 30 मिनिटांत होईल. न थांबणारा माग मात्र जगात नाही. धागा तुटतो, धोट्यातली बाण्याच्या सुताची कांडी संपते, वीज जाते. वेळेतला 80 टक्के भाग माग चालला असे धरले तर साडेसदतीस मिनिटे, आणि आठ तासांच्या पाळीत बारा-तेरा चादरी. धोट्यातल्या कांडीवर 30 ग्रॅम सूत बसत असेल तर एका चादरीला अकरा-बारा कांड्या लागतात आणि एक कांडी जेमतेम अडीच मिनिटे पुरते. दोन माग सांभाळणाऱ्या माणसाला साधारण सव्वा मिनिटाला एक कांडी बदलायची असते, मधल्या वेळात तुटलेले धागे सांधायचे असतात. अडीचकीचा पाढा त्याच्या पायांत असतो म्हणा ना.

टॉवेलचे गणित वेगळे, ते थोडक्यात सांगतो. टेरी टॉवेलच्या मागाला दोन बीम (ताणा गुंडाळलेले रूळ) असतात, एक जमिनीच्या म्हणजे मूळ विणीच्या ताण्याचा आणि एक लोपींचा, म्हणजे वर उठणाऱ्या फासांचा. दोन पिके फणी थोडी अलीकडेच थांबवते, तिसऱ्या पिकाला पूर्ण ठोका देते. तिन्ही पिके एकदम सरकतात, लोपीचा सैल ताणा फुगून वर येतो. फणी जितकी अलीकडे थांबेल तितकी लोपी उंच आणि टॉवेल जड. 30 बाय 60 इंचांचा टॉवेल 1.16 चौरस मीटर भरतो. चौरस मीटरला 400 ग्रॅमचा माल मागितला असेल तर एक नग 465 ग्रॅमच्या जवळपास उतरला पाहिजे. तराजूवर 420 आला तर लोपीच्या बीमचा ताण तपासायचा.

पण माझा जीव आहे तो जकार्डमध्ये. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डने 1804 च्या सुमारास ही यंत्ररचना पुढे आणली. तिचे तत्त्व आठवीतल्या मुलाला पाच मिनिटांत समजते. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर म्हणजे कार्डावर भोके असतात. भोकासमोर आलेली सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि उचलणाऱ्या पात्याबरोबर वर जातो. त्याच्याबरोबर उभा धागा वर येतो. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक पात्यावरून सुटतो, धागा खालीच राहतो. साध्या, एका उचलीच्या जकार्डमध्ये एका पिकाला एक कार्ड.

400 हुकांचे जकार्ड असेल आणि प्रत्येक हुकाला पाच दोऱ्या बांधल्या असतील तर 2,000 धागे झाले, म्हणजे रुंदीत पाच मोर. उरलेले 160 धागे दोन्ही काठांना. एक मोर 400 धाग्यांचा, म्हणजे सुमारे 11.1 इंच रुंद. आता चौकटीची वही उघडा. एक उभी ओळ म्हणजे एक हूक, एक आडवी ओळ म्हणजे एक पीक, रंगवलेला चौकोन म्हणजे धागा वर. 400 बाय 400 चौकटींत छान गोल पिसारा काढला, तर कापडावर तो 11.1 इंच रुंद आणि 10 इंच उंच येतो. मोर बुटका होतो. कारण इंचाला धागे 36 आणि पिके 40 आहेत. प्रमाण 9 ला 10. म्हणून 400 उभ्या ओळींना साधारण 444 आडव्या ओळी घ्याव्या लागतात, आणि कार्डेही 444 लागतात. डिझाइनचा खास कागद मिळतो, त्याच्या चौकटी मुळातच या प्रमाणात लांबट-बुटक्या छापलेल्या असतात. शाळेच्या वहीवर काम करायचे तर प्रमाण डोक्यात ठेवावे लागते. माझ्या मते शिकणाऱ्याने आधी शाळेच्या वहीवरच करावे. कागदाने केलेला हिशेब हाताला कळत नाही.

रंगवताना आणखी एक पथ्य. मोराच्या अंगाचा मोठा भाग सलग रंगवून टाकला, तर तेवढ्या जागी धागा कुठेच बांधला जात नाही, वरून लोंबतो. त्यात बोट अडकते, बांगडी अडकते, दोन धुण्यांत चादर विरते. म्हणून सलग पाच-सहा चौकटींपेक्षा जास्त मोकळे सोडत नाहीत, मध्ये एक टाका देतात. हे टाके एकाखाली एक आले तर नक्षीत नको ती रेघ उमटते, म्हणून ते तिरके विखरायचे. एका रंगाचा ताणा आणि दुसऱ्या रंगाचा बाणा असेल, तर वर जो रंग मोराचा तोच खाली पार्श्वभूमीचा होतो. चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते ती यामुळे. छापील चादरीची मागची बाजू फिकट असते. विणलेली ओळखायची ही सोपी खूण.

आता चूक शोधणे. या कामात खरी बुद्धी इथे लागते आणि भूमितीच्या तासाला शिकवलेला युक्तिवाद इथेच कामी येतो. नक्षीत एक ठिपका चुकीचा दिसतोय, दोष कुठे? तो पाचही मोरांत एकाच जागी आहे आणि प्रत्येक 444 पिकांनी परत येतोय, तर एका कार्डातले एक भोक चुकले आहे. मोराची मान एका आडव्या ओळीत सटकलेली दिसली, तर दोन कार्डांची अदलाबदल झाली आहे किंवा एक कार्ड उलटे शिवले आहे. पाचही मोरांत एकाच जागी उभी रेघ सलग वरपासून खालपर्यंत चालली आहे, तर हूक किंवा सुई वाकली. तीच उभी रेघ एकाच मोरात आहे, तर हूक चांगला, त्या एका धाग्याची दोरी तुटली किंवा खालचे वजन निसटले. कापड दोन पावले मागे जाऊन पाहिले तर जिना चढून जकार्डला हात लावण्याआधीच उत्तर मिळते. न पाहता आधी सुया काढायला लागणारे संध्याकाळपर्यंत सुयाच काढत बसतात.

चुकलेले कापड उसवले तर जितकी पिके उसवली तितकी कार्डे मागे फिरवावीच लागतात. सहा पिके काढून पाच कार्डे फिरवली की मोर तिथेच मोडतो. शिवाय थांबलेला माग पुन्हा सुरू करताना पहिला ठोका हलका पडतो आणि पातळ पट्टी येते. कापड गुंडाळणारे चाक एक-दोन दाते मागे घेऊन सुरू केले तर ती टळते.

आज ही चित्रे संगणकावर काढली जातात आणि इलेक्ट्रॉनिक जकार्डला पुठ्ठ्याची कार्डे लागत नाहीत. चांगलेच झाले, पुठ्ठे पावसाळ्यात सादळून फुगायचे. पण चौकट तीच, हूक तेच, टाक्याचे पथ्यही तेच.

उन्हाळ्याचा एक वेगळाच विषय आहे. सुती धागा ओलसर असताना जास्त बळकट असतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी ठाक, मग ताण्याचे धागे पटापट तुटतात. जमिनीवर पाणी मारणे, खिडक्यांना ओले गोणपाट लावणे हे उपाय त्यासाठी आहेत, माणसांच्या गारव्यासाठी नव्हेत, जरी दोघांनाही त्याचा लाभ होतो. ताण्याला लावलेली खळ कमी झाली तर तंतू उठून शेजारचे धागे एकमेकांत गुंततात. जास्त झाली तर धागा ताठर होऊन कडकन मोडतो.

आणि भाषा. 1877 साली ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून हे शहर कापडाचे आणि चार भाषांचे आहे. आमचा माग, तेलुगूतला मग्गम, कन्नडमधला मग्ग, यांत परके कोणी नाही. दख्खनी बोलणारा जॉबर (मागांची देखभाल करणारा) तिघांनाही समजतो. चालू मागाच्या आवाजात शब्द ऐकूच येत नाहीत, तिथे ओठ आणि बोटे बोलतात. मोजताना मात्र प्रत्येक जण आईच्या भाषेकडे वळतो: ओकटी, रेंडू, मूडू, ओंदू, एरडू, मूरू. दोघे मिळून धागे मोजत असतील तर एकानेच मोठ्याने मोजावे आणि दर दहा धाग्यांना रंगीत दोरा बांधावा. रेंडू आणि एरडू गोंगाटात एकसारखेच ऐकू येतात.

लिहायची भाषा मात्र मराठी, निदान मी पाहिलेल्या नोंदवह्यांत तरी. दिवसपाळीचा माणूस रात्रपाळीसाठी नोंद ठेवतो. “डिझाइन खराब आहे” ही नोंद निरुपयोगी. “माग 4. डावीकडून दुसरा मोर, मानेवर उभी रेघ. दुपारी 3 पासून. दोरी बदलली, वजन बदललेले नाही.” ही नोंद वाचून तेलुगू घरातला किंवा कन्नड घरातला माणूस थेट त्या वजनाकडे जातो. कुठे, काय, केव्हापासून, काय केले, काय राहिले. शाळेत सारांशलेखनाला उताऱ्याच्या एक तृतीयांश शब्दांत लिहा म्हणत असत. ज्या गुरुजींनी आणि बाईंनी ती वही लाल शाईने तपासली, त्यांच्या त्या शाईचा उपयोग रोज रात्री कुणाचे तरी दोन तास वाचवतो. हे त्यांना कळावे, अशी मनापासून इच्छा आहे.

शाळेला एक विनंती. आठवीच्या मुलामुलींना एकदा जकार्डचा कारखाना दाखवावा. गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची धामधूम संपल्यावर, जानेवारीच्या शेवटी, हवा बरी असते आणि सगळे कामावर असतात. एका वेळी दहाच जण आणावेत, दोन मागांच्या मधली वाट अरुंद असते. ओढण्या आणि वेण्या घट्ट बांधून, कानात कापूस घालून यावे. मागाच्या कडेला, धोटा ज्या रेषेत धावतो त्या रेषेत कोणीही उभे राहू नये, कारण सुटलेला धोटा डोक्याच्या उंचीवर येतो. सोबत पट्टी, सुई आणि चौकटीची वही. चालू मागाजवळ नव्हे, उतरवलेल्या कापडावर एक इंच आखून सुईच्या टोकाने धागे आणि पिके मोजावीत, तीन वेगवेगळ्या जागी, मग सरासरी काढावी. घरच्या चादरीवरही तसेच मोजून आणावे, तिचे वजन करावे आणि दोन्ही उत्तरे वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी मांडावीत. सुताचा काउंट त्यावरून काढता येतो, रीत वर दिली आहेच.