जुनी जावा घेतली आणि किक सगळ्यात शेवटी मारली
कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून असलेली जावा २५० ही मोटारसायकल घेतली. टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन. ज्याला सांगावं त्याचा पहिला प्रश्न, चालू होते का? अरे, हा प्रश्न इतक्यात विचारायचाच नाही. आधीच्या मालकाने किक मारून दाखवतो म्हटलं असतं तर मीच थांबवलं असतं. घेताना मी पाहिलं ते इंजिन नंबर, चेसिस नंबर कागदांशी जुळतात का आणि मूळ पार्ट गाडीवर आहेत का एवढंच. इंजिन काय, बांधून मिळतं, पण स्पीडोमीटर बसवलेला तो हेडलाइटचा डूम किंवा टाकीचे रबरी पॅड एकदा हरवले की बसा शोधत.

आता किक का नाही, तर इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, तेल उरलेलंच नसतं, पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटतात, आणि वरून जोर लावला की एकतर रिंग तुटते नाहीतर बोअरवर चरे पडतात. म्हणून प्लग काढून त्या भोकातून पातळ तेल सोडत राहिलो, रोज थोडं थोडं, आणि टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूच पुढेमागे. बरेच दिवस ढिम्म. मग एकदा चाक जरासं हललं आणि प्लगच्या भोकातून फुस्स करून तेलाचा फवारा थेट शर्टावर! इतका आनंद झाला की काय सांगू.

पिस्टन सुटला तरी इंजिन उघडायचंच, यात तडजोड नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीत, येतं आणि मग वर जातं, त्यामुळे क्रँककेस हवाबंद पाहिजे, आणि ती तशी ठेवणारी रबरी ऑइल सील पडून पडून कडक होतात. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं आणि पांढरा धूर थांबत नाही. दुसऱ्या बाजूचं गेलं तर जास्त वाईट, बाहेरची हवा आत जाते, मिश्रण लीन होतं म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, गाडी आपोआप रेस होते आणि पिस्टन तापून पुन्हा जाम. एवढ्याशा रबरासाठी!

टाकीचा गंज इलेक्ट्रोलिसिसने काढला. पाण्यात धुण्याचा सोडा, टाकीला विजेचा मायनस, आत टांगलेल्या साध्या लोखंडी सळईला प्लस, आणि सळई टाकीला कुठेही टेकू द्यायची नाही. स्टेनलेसची सळई चुकूनही नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. शिवाय हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत. कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, पितळेचे, त्यात तार खुपसू नका, भोक मोठं होतं. प्लगची ठिणगी ठरवणारे पॉइंट घासून त्यांच्यातली गॅप ०.४ मिमी.

रंगाला मात्र हात लावला नाही. सगळे म्हणतात नवीन मार, पण गुडघे घासून टाकीवर उडालेला तो मरून रंग कुठल्या पेंटरला जमणार आहे? गंज थांबवला, बास.

मग पेट्रोलमध्ये १:२५ ऑइल, म्हणजे लिटरला ४० मिली, आणि किक. ज्यांनी जावा चालवली नाही त्यांच्यासाठी, हिचा गिअरचा दांडा आणि किक एकच, दांडा आत दाबून वर फिरवला की किक, आणि गिअर बदलताना तोच क्लचही सोडवतो. हे ज्याने कोणी डिझाइन केलं त्याला सलाम. थोड्या किका खाल्ल्या, मग आतल्या तेलाचा ढग सोडत सुरू झाली, आणि थोड्या वेळात तो ठोक्याठोक्याचा आवाज लागला.

६ व्होल्टचा डायनॅमो अजून नीट चार्ज करत नाहीये, ब्रश झिजलेत बहुतेक. आता तो उघडतो.