फायरिंग पिन

परवा नाईकचा फोन आला. दुसऱ्या एका कंपनीत टीम लीडरची जागा निघालीय. "दादा, रेफरन्सला तुमचं नाव टाकू का?" मी म्हटलं, टाक. तेव्हापासून माझी झोप गेलीय, म्हणून हे लिहायला बसलो.

नाईक हे त्याचं आडनाव नाही. फौजेतून तो नाईक होऊन उतरला, म्हणून बोटीवर सगळे त्याला तेच म्हणायचे. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन पेन्शनला आलो. आमच्या माण-खटावकडं फौजी चाळिशीच्या आतच घरी येतो आणि पुढची कामं ठरलेली असतात. बँकेचं दार, एटीएम, साखर कारखान्याचं गेट. ज्याला इंग्रजी जरा जमतं तो व्यापारी जहाजावर सशस्त्र गार्ड. गावाला वाटतं, बोटीवरचा माणूस डॉलर छापतो. आर्मरीवरची ढेकणं गावाला कुठं दिसतात?

कुठलंच बंदर परक्या बंदुका सुखासुखी उतरवू देत नाही. म्हणून एखादी जुनाट बोट आंतरराष्ट्रीय पाण्यात नांगर टाकून उभी करतात, तीच फ्लोटिंग आर्मरी. आम्ही ओमानच्या आखातात तिच्यावर आठ दिवस पडून होतो. मग रायफलींचे नंबर तपासून, गोळ्या मोजून, पेट्या दोरीनं वर चढवून आमच्या जहाजावर आलो. सुटा माल भरलेलं बल्क कॅरियर, पाण्यापासून डेक जेमतेम चार मीटर, वेग बारा नॉट, म्हणजे ताशी बावीसेक किलोमीटर. अठरा नॉटनं पळणाऱ्या जहाजावर चाचे चढत नाहीत, हे आम्हाला पाठ असतं. बारावाल्यांना तांबडा समुद्र लांबलचक असतो.

२०२४ चा फेब्रुवारी. आमचं सगळं शास्त्र शिडी लावून चढणाऱ्या सोमाली चाच्यांसाठी बनलेलं. कठड्याला काटेरी तारेची भेंडोळी, पाण्याचे पाइप, डेकवर बुजगावणी. आमच्या गुहागरच्या बोसननं, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमानं, जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून पाच बुजगावणी केली होती, एकाला तर गॉगलसुद्धा. पण आधीच्या नोव्हेंबरात येमेनच्या हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर या जहाजावर चक्क हेलिकॉप्टर उतरवलं होतं. तारेची भेंडोळी बघत राहिली असतील. २६ जानेवारीला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा हे तेलवाहू जहाज त्यांच्या क्षेपणास्त्रानं पेटलं. त्यावर २२ भारतीय होते, आपली आयएनएस विशाखापट्टणम मदतीला धावली. क्षेपणास्त्रापुढं माझी रायफल म्हणजे गोफण. तरी मालकांना आम्ही हवे होतो, कारण विम्याच्या कागदावर आमच्या नावाचा एक रकाना असतो.

त्या दिवसांत एआयएसवर, म्हणजे जहाज आपली ओळख आणि ठिकाण रेडिओवर सांगत राहतं त्या यंत्रावर, पुढच्या बंदराचं नाव टाकायच्या जागी कुणी 'जहाजावर सशस्त्र रक्षक' लिहीत होतं, कुणी 'सगळे खलाशी चिनी'. बाजारात कपाळावर चिठ्ठी चिकटवून फिरावं तसं. कॅप्टनला वेगळीच काळजी. चाचे चढले तर माणसांना खाली सिटाडेलमध्ये, म्हणजे आतून बंद होणाऱ्या भक्कम खोलीत, कोंडायचं, पण क्षेपणास्त्र आलं तर पाण्याच्या पातळीखाली कुणी असता कामा नये. दोन्ही एकदम आलं तर? कॅप्टन युक्रेनमधल्या ओडेसाचा. त्यांच्याकडं रशिया सोडतं त्या शाहेद ड्रोनला मोपेड म्हणतात, तसाच आवाज येतो म्हणे. त्यामुळं कुठल्याही होडीचं इंजिन वाजलं की त्याचा चेहरा बदलायचा. मला त्याच आवाजात विहिरीवरचं डिझेल इंजिन ऐकू येतं. नाईकला काय ऐकू यायचं, ते मी विचारलं नाही. फौजेत असलं कुणी विचारत नाही.

आम्ही तिघं : मी, नाईक आणि एक कुमाऊँचा. चार तास ड्यूटी, आठ तास आराम. नाईक आरामातही ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, बाहेरच्या विंगवर उभा असायचा. पहाटे तीनला बघावं तर दुर्बीण डोळ्याला. झोपला का विचारलं की म्हणायचा, झालं दादा. त्याच्या आरामाच्या वेळेतला पलंग मी एकदा बघितला, चादरीला सुरकुती नव्हती. त्याचा अर्थ मला कळला होता. खोटं कशाला बोलू? फुकटचा चौथा पहारेकरी मिळाला म्हणून मी गप्प बसलो. मुंबईच्या एजंटाकडं मानसिक तपासणीचा फॉर्म असतो. 'रात्री दचकून उठता का?' माझ्या वेळी सगळ्या प्रश्नांपुढं 'नाही'ची टिक तिथल्या पोरानंच मारली होती. नाईकच्या फॉर्मवरही त्यानंच मारली असणार.

तांबड्या समुद्राच्या तोंडाची सामुद्रधुनी, बाब-अल-मंदेब, रात्री पार केली. सगळी जहाजं ऐकतात त्या रेडिओच्या चॅनल १६ वर 'येमेनी नेव्ही' म्हणवणारा कुणीतरी जहाजांना वाट बदलायला सांगत होता. उत्तर द्यायचं नाही असा आदेश होता, दिलं नाही. पहाटे सव्वासहाला, हानिश बेटांच्या अलीकडं, डाव्या बाजूनं सात होड्या सुटल्या. सरळ आमच्याकडं.

आता हे नीट सांगतो, कारण यातच आमची विद्या आहे. या भागातले कोळी जहाजाच्या अंगावर येतातच. पुढं त्यांची जाळी पसरलेली असतात, बारा नॉटचं धूड ती फाडून जाईल म्हणून ते आडवे येतात. चाचाही असाच येतो. फरक होडीत काय आहे त्यावरून करायचा : जाळी, बर्फाच्या पेट्या, म्हातारा किंवा पोरगं असेल तर कोळी. शिडी, आकडे, जास्तीचं इंधन आणि गरजेपेक्षा जास्त तरणे गडी असतील तर सावध. बंदूक दिसली म्हणून भागत नाही, तिकडं कोळ्याकडंही असते. आणि हे सगळं हलत्या दुर्बिणीतून, अर्धवट उजेडात, पाचेक मिनिटांत. गोळी कधी झाडायची याच्या नियमाची १०० ते १०३ अशी चार कलमं आहेत. आधी कॅप्टनला सांगायचं, मग हत्यार नुसतं दाखवायचं, मग इशाऱ्याची गोळी, आणि जीवावर बेतलं तरच माणसावर. प्रत्येक गार्ड आपल्या गोळीला स्वतः जबाबदार. २०१२ मध्ये केरळसमोर इटलीच्या नौसैनिकांनी चाचे समजून दोन मच्छिमार मारले होते. ते प्रकरण आम्हाला ट्रेनिंगमध्ये रामायणासारखं सांगतात.

मी कॅप्टनला सांगितलं, लाल फ्लेअर सोडला, रायफली डोक्यावर धरायला लावल्या. चार होड्या वळल्या. तीन आल्याच.

"शिडी आहे दादा! शिडी!" नाईक ओरडला.

मी बघितलं. काळी फडकी बांधलेले लांब बांबू होते. जाळ्याच्या खुणा. मी म्हटलं, "बांबू आहेत. नाईक, रायफल खाली."

त्यानं ऐकलं नाही. ऐकू आलं नाही असं म्हणायला हवं. सेफ्टी उघडलेली, बोट ट्रिगरवर, आणि तो पुटपुटत होता, "धुकं आहे, धुकं आहे." समुद्रावर धुक्याचा मागमूस नव्हता. होडी दोनशे मीटरवर. तिच्यातल्या एका माणसानं वाकून तळातून काहीतरी लांबट, चकाकणारं उचललं. त्याच क्षणी मी नाईकची नळी हातानं वर ढकलली. गोळी सुटली नाही. का सुटली नाही, मला माहीत नाही. माझा हात पोचला म्हणून, की त्यानंच बोट सैल केलं म्हणून.

त्या माणसानं शेपटी धरून सुरमई वर केली होती. आम्ही कोळी आहोत, हे सांगायची त्यांची तीच रीत. मागं दहा-बारा वर्षांचं पोरगं दोन्ही हात हलवत होतं, जाळी वाचवा म्हणून. कॅप्टननं जहाज पाच अंश वळवलं. काचेआडून त्याला किती दिसलं कोण जाणे. मी आत जाऊन म्हणालो, मच्छिमार आहेत, सर.

अहवालात लिहिलं : ०६१५, सात मासेमारी होड्या, हत्यारं दाखवली, एकही गोळी झाडली नाही. सगळं खरं. पुढचं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्याची ही नोकरी त्या दिवशीच संपली असती, आणि त्याच्या दोन्ही पोरी शाळेत आहेत.

दुपारी तो जेवायला गेल्यावर मी त्याच्या रायफलीतून फायरिंग पिन काढली आणि तंबाखूच्या डबीत ठेवली. पिनेशिवाय गोळी उडत नाही, आणि बाहेरून काही कळत नाही. कॅप्टनला सांगितलं नाही, कुमाऊँच्याला नाही. ज्या जहाजानं तीन बंदुकांचे पैसे मोजले होते, ते पुढचा सगळा पल्ला दोन बंदुकांवर आणि सहा बुजगावण्यांवर गेलं. हा माझा गुन्हा आहे.

संध्याकाळी नाईकनं नेमानं रायफल उघडली. मी समोरच बसलो होतो. बोल्ट हातात घेऊन तो थांबला. मग पिनची रिकामी जागाही त्यानं चिंधीनं पुसली, तेलाचा थेंब सोडला आणि रायफल बंद केली. त्या रात्री तो साडेपाच तास झोपला. त्याच्या ड्यूटीला मीच उभा राहिलो.

उत्तरेला हत्यारं जमा करायच्या आधी मी त्याच्यासमोर पिन बसवली. "कुठं ठेवली होती?" त्यानं विचारलं. मी डबी दाखवली. "मग आता ठासून उडणार," म्हणाला आणि हसला.

परवा फोनवर मी विचारलं, झोप लागते का रे?

"लागते की दादा. घरात कुठं रायफल असते?"

कंपनीचा फॉर्म आलाय. शुक्रवारपर्यंत भरून पाठवायचाय.