भरलेल्या होडीचा पंखा

गोव्यात पावसाळा सरला की आम्हा आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं, दुरुस्त करणाऱ्यांच्या दारात इंजिनांची रांग लागते. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या तर त्यानंतरही ताडपत्रीखालीच असतात. अशाच एका होडीचा तरुण मालक ऐन मोसमाच्या तोंडावर शिवोलीला माझ्याकडे आला. म्हणाला, “मेस्त, इंजिनाक जोर ना. रिकामी होडी उडते, माणसं बसली की रडते.”

चाळीस हॉर्सपॉवरचं फोरस्ट्रोक इंजिन, फायबरची होडी. कार्बोरेटर उघडा, असा त्याचा आग्रह होता. मी आधी होडी ढकलणारा पाण्यातला पंखा पाहिला. बॉसवर, म्हणजे पात्यांच्या मधल्या गोल भागावर, १३ पिच कोरलेला होता. जुना पंखा खडकाला लागून वाकला, तेव्हा कुणीतरी त्याला “मोठा पिच घे, पळेल” असं सांगितलं होतं.

पिच म्हणजे एका फेरीत पंखा कागदावर किती इंच पुढे जाईल ते माप. पाण्यात तो थोडा घसरतोच, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच जातो. पिच जास्त, तर प्रत्येक फेरीला इंजिनावर ओझं जास्त. चढावर सायकलचा जड गिअर टाकून पेडल मारण्यासारखंच ते. वेग वाढवायची मूठ पूर्ण पिळलेली, पेट्रोल भरपूर जातंय आणि फेरे मात्र चढत नाहीत. अशा वेळी इंजिन आतून तापतं, काजळी धरतं. नुसत्या ऐकण्यावर हे ठरवू नये. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा फेरेमापक मिळतो, तो लावावा.

पंखा काढला तर मागे शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) आवळून बसलेलं. हे दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण तंगूस पाणी अडवणारं रबरी सील कापतं, पाणी गिअरमध्ये शिरतं आणि ते कळेपर्यंत दात खाल्ले गेलेले असतात. खालचा स्क्रू सैल करून तेल पाहिलं. दुधाळ नव्हतं, सील वाचलं होतं. तंगूस कापून शाफ्टला ग्रीस लावलं.

मग इंजिन पाण्यात उतरवलं. कोरडं चालवलं तर पाणी ओढणारा रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतो. थंडाव्याच्या पाण्याची धार जोरात येत होती. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, इंजिन होडीला धरणाऱ्या कड्या घट्ट, मनगटाला बांधायची लाल दोरी ओढली की इंजिन बंद पडतंय. एवढं पाहून धक्क्यावरच्या पोरांना जॅकेटं घालून होडीत बसवलं. पर्यटकांइतकं वजन व्हायला वाळूची दोन पोतीही टाकली. मालक वैतागला, पण मला हे टाळायचं नव्हतं. पंखा भरलेल्या होडीवरच ठरवायचा असतो.

या इंजिनाला मूठ पूर्ण उघडल्यावर मिनिटाला ५००० ते ६००० फेरे हवेत. १३ पिचला ४७०० च्या वर काटा जाईना. पिच एक इंचाने उतरवला की साधारण दोनशे फेरे वाढतात, म्हणून ११ लावला. ५१०० आले. तो म्हणाला, “झालं की, चालेल.” माझ्या मते चालणार नव्हतं. शापोरा नदीच्या मुखाशी वाळूची बार, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा बांध, आहे. ओहोटीचं पाणी बाहेर पडतं, समोरून लाट येते आणि तिथे माणसांनी भरलेल्या होडीला मूठ पिळताक्षणी जोर मिळायला हवा. मी १० लावला. भरलेल्या होडीत ५३००. पोरं उतरवून रिकामी पळवली, तर ५८०० वर थांबलं, मर्यादेच्या आत.

“पण वेग कमी झाला ना?” त्याने विचारलं. रिकाम्या होडीचा थोडा कमी झाला होता, खरं आहे. भरलेली मात्र आता नाक खाली घेऊन सपाट धावत होती, आधी तिची शेपूटच पाण्यात रुतायची.

नट आवळून तो सुटू नये म्हणून नवी कॉटर पिन घातली; जुनी वाकवून पुन्हा वापरायला मी कधीच देत नाही. १३ चा पंखा टाकून देऊ नकोस म्हटलं. मुख्य पंखा फुटला, तर हळूहळू धक्क्यापर्यंत येण्यापुरता तो उपयोगी आहे. त्याच्यासोबत नट, वॉशर, दोन पिना आणि पाना एका पिशवीत बांधून मी होडीतच ठेवायला लावले.