चपखल बसलेला कन्व्हर्टर

महात्मा गांधी रस्त्याच्या मागच्या गल्लीत माझे दुरुस्तीचे दुकान आहे. सातपूरला कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी जुन्या टीव्ही व्हिडिओ गेमचे दोन रिमोट टेबलावर ठेवले, तेव्हा मोबाइलच्या डिस्प्लेंचे रोजचे काम मी आनंदाने बाजूला सारले. रिमोट लॅपटॉपला जोडून हवे होते. एक धडधाकट होता. दुसरा त्यांनी घरी 'अडॅप्टर'मधून जोडून पाहिला होता आणि तो बंद होता. हे अडॅप्टर म्हणजे ऑनलाइन मागवलेला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीला जुन्या पद्धतीचे सिरियल पोर्ट जोडून देणारे उपकरण, निघाला.

आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक नकली गेमच्या रिमोटला नऊ पिनांचा कनेक्टर असतो आणि संगणकाच्या सिरियल पोर्टचा आकारही तोच. त्यामुळे रिमोट कन्व्हर्टरमध्ये चपखल बसतो, लॅपटॉपही आवाज करून ओळख दाखवतो आणि विक्रेता तर 'चालेल' म्हणून आधीच मोकळा झालेला असतो. परंतु रिमोटचे काम ५ व्होल्टवर चालते, तर सिरियल पोर्टची तिसरी पिन काही पाठवायचे नसताना उणे व्होल्टेजवर असते. या कन्व्हर्टरवर ते उणे सहाच्या आसपास भरले, आणि रिमोट उघडला तर तिसऱ्या पिनवर नेमकी लॅचची, म्हणजे बटणांची स्थिती टिपण्याचा इशारा रिमोटला देणारी, तार होती.

आतली चिप राळेच्या काळ्या ठिपक्याखाली गाडलेली, क्रमांक नाही, आणि अशा मालात तारांच्या रंगांवर विसंबणे म्हणजे फसणेच. बटणांच्या कार्बनखालची सामाईक पट्टी ग्राउंड धरून मल्टीमीटरने एकेक तार ओळखली. मूळ निन्टेन्डोच्या रिमोटमध्ये ४०२१ ही साधी शिफ्ट रजिस्टर आयसी असते. लॅचचा इशारा मिळताच ती आठही बटणांची स्थिती टिपते आणि मग क्लॉकच्या ठोक्यांवर ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट व चार दिशा या क्रमाने सांगत जाते. दाबलेले बटण म्हणजे शून्य. ही आयसी आजही सहज आणि स्वस्तात मिळते. ठिपक्याकडे जाणाऱ्या रेषा कापून मी ती १० किलोओहमच्या आठ रेझिस्टरांसह आत बसवली, दोन्ही रिमोट प्रो मायक्रो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला जोडले आणि त्यातल्या एटीमेगा३२यू४ या चिपला यूएसबी गेमपॅडचा प्रोग्राम दिला. झाकण कुठेही न कोरता बंद झाले, याचा मला अभिमान आहे.

मग गृहस्थ म्हणाले, "भाऊ, कन्व्हर्टरनेच रिमोट जाळला असे लेखी द्या, पैसे परत मागतो."

मोजलेले व्होल्टेज आणि 'या रिमोटसाठी अयोग्य' एवढेच मी लिहून दिले. माझा संशय कन्व्हर्टरवरच आहे. पण त्या तारेतून वाहणारा करंट जेमतेम असतो, आयसीच्या इनपुटवर बहुधा संरक्षक डायोडही असतात, आणि माळ्यावर पडून रिमोट आधीच गेला नव्हता हे कशावरून? "मग एवढे मोजून उपयोग काय?" असे विचारून ते नाराजीने गेले. त्यांचे पैसे बुडू नयेत असे मलाही वाटते. एखादी नवी ४०२१ त्याच कन्व्हर्टरला लावून पाहता येईल, असा विचार अजून मनात येतो. मात्र ती जळली किंवा टिकली, तरी त्या काळ्या ठिपक्याखाली नेमके काय होते ते त्यावरून ठरणार नाही.