हायवेलगतची माशांची खानावळ

आज कामानिमित्त वांद्रे पूर्वेला जाणे झाले आणि काम दुपारी एकच्या सुमारास आटोपल्यामुळे, कित्येक महिन्यांनी गांधीनगरातल्या ‘हायवे गोमांतक’मध्ये जेवण्याचा योग आला. पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या या साध्या जागेवरून रोज असंख्य गाड्या जातात, पण आत घरच्यासारखे गोमंतकी जेवण मिळते हे उपनगराबाहेरच्या अनेकांना अजूनही ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

बोंबील हा मुळात पाणीदार मासा. तो चिरून, वजनाखाली दाबून त्यातले पाणी काढल्याशिवाय रव्यात कुरकुरीत होत नाही. आज पानातला तुकडा मोडला तेव्हा वरचे आवरण कडकन तुटले आणि आतले मांस लोण्यासारखे मऊ निघाले. बांगड्याच्या आमटीत तिरफळ होते. हे फळ ठेचून आमटीत घालतात, त्याचा वास उतरू देतात आणि जेवताना ते बाजूला काढून ठेवतात. जिभेला येणारी ती हलकीशी झिणझिणी मात्र भाताच्या शेवटच्या घासापर्यंत टिकते. सोलकढी दोनदा मागून घेतली.

दादर आणि फोर्टातही अशा गोमंतकी, मालवणी खानावळी आहेत. तिथे जाणाऱ्यांनी आधी ठरवून न जाता, आज ताजे काय आले आहे हे वाढणाऱ्यालाच विचारावे, विशेषतः १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात. मी तिसऱ्यांबद्दल, म्हणजे शिंपल्यांबद्दल विचारले, तेव्हा त्या संपल्या होत्या. पुढच्या वेळी बाराच्या आत पोहोचणार आहे.